ब्याडगी की संकेश्वरी? ड्रॅगन संपल्यावर काय वाचायचं

खानापूरच्या एका मुलीनं प्रश्न पाठवलाय. थोडक्यात सांगते. पुण्यातल्या मैत्रिणीनं तिला 'फोर्थ विंग' ही कादंबरी दिली. तिनं ती दोन रात्रींत संपवली आणि आता तिला 'तसंच काहीतरी' हवंय, ज्यात प्रेमही असेल आणि जादूही. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी वाचता येतं पण दमायला होतं. शेवटी एक ओळ: "मावशी, आई पण विचारत्या, तिला ह्यातलं काय देऊ?"

मावशी म्हणालीस, तर मीही तुला 'तू'च म्हणणार. बेळगावच्या टिळकवाडीत गेली सव्वीस वर्षं मी वर्गणीवर पुस्तकं देते. सुरुवातीला सगळं मराठीच होतं. गेल्या पाच-सहा वर्षांत कॉलेजच्या मुलींनी इंग्रजीचं एक अख्खं कपाट भरायला लावलं आणि त्यातली निम्मी पुस्तकं तू विचारतेस त्याच जातीची आहेत. हल्ली त्याला 'रोमँटसी' म्हणतात. मी रजिस्टरात 'प्रे-जा' लिहिते.

आता 'तसंच' म्हणजे कसं, ते आधी बघू. काउंटरवर येऊन "तसंच द्या की" म्हणणाऱ्या दोघींना हवं असतं वेगवेगळं. एकीला ड्रॅगन आवडलेला असतो, दुसरीला त्यातला नायक, झेडन. मी एकच प्रश्न विचारते: गोष्टीतलं प्रेम काढून घेतलं तर मागं काय उरतं? आणि जादू काढून घेतली तर? 'फोर्थ विंग'पुरतं बघ. व्हायलेट हाडापेराची नाजूक, सांधे निखळणारी. लेखनिकांच्या शाखेत जायची तयारी केलेली, आणि सेनापती आई तिला ड्रॅगनस्वारांत ढकलते. पहिल्याच दिवशी त्या अरुंद दगडी कठड्यावरून चालत जायचं, पाय घसरला की संपलं. ड्रॅगन काढून टाकले तरी वैऱ्याच्या मुलावर जीव जडलेली होस्टेलमधली पोरगी उरतेच, आणि पानं उलटत राहतात. प्रेम काढलं तर मात्र युद्ध आणि राजकारण एकट्याच्या बळावर पाचशे पानं खेचत नाही. म्हणजे तराजू प्रेमाकडं झुकलेला आहे. तुला दोन रात्री जागवलं ते कशानं, हे स्वतःला विचार. माझा अंदाज, कठड्यानं सुरुवात केली आणि झेडननं शेवट.

त्याचेच पुढचे भाग हवे असतील तर आहेत. 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरात आला, 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये. एकूण पाच भाग ठरलेत. दुसरा भाग मधे पसरट झालाय, हे माझं मत. तिसरा संपल्यावर चौथ्याची वाट बघत बसावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.

तुझ्यासाठी माझं पहिलं नाव मात्र वेगळं आहे: रिबेका रॉस यांची 'डिव्हाइन रायव्हल्स'. तीही २०२३ चीच. आयरिस नावाची मुलगी वर्तमानपत्रात उमेदवारी करते. एकच स्तंभलेखकाची जागा आहे आणि तिच्यासाठी स्पर्धा रोमन नावाच्या खानदानी पोराशी. बाहेर देवांचं युद्ध पेटलंय, भाऊ तिकडं लढायला गेलाय. ती रोज रात्री आजीच्या जुन्या टाइपरायटरवर भावाला पत्र लिहिते आणि कपाटाच्या दाराखालून सरकवते. पत्रं नाहीशी होतात. एके दिवशी उत्तर येतं. भावाचं नव्हे. कुणाचं, ते वाचणाऱ्याला लवकरच कळतं, तिला कळत नाही, आणि पुस्तकाची सगळी गोडी त्या मधल्या अंतरात आहे.

हे तुला का, तर तीन कारणं. भाषा सोपी, बरीचशी पत्रंच आहेत, म्हणजे दमलीस तरी थांबायला जागा मिळते. प्रकरणं आखूड. आणि दोन भागांत गोष्ट पुरी होते. दुसरा 'रूथलेस व्हाउज'. पहिला भाग मात्र असा काही अधांतरी संपतो की दोन्ही एकदम नेलेले बरे. माझ्याकडच्या एका मुलीनं पहिला भाग संपवून रात्री साडेदहाला फोन केला होता, "मावशी, दुकान उघडा की." उघडलं नाही. सकाळी पावणेआठला पायरीवर बसलेली.

आता तिखटाचं बघू, म्हणजे शृंगार किती उघडा लिहिलाय त्याचं, कारण तो प्रश्न तू विचारला नाहीस पण आईचं नाव काढलंस म्हणजे मनात आहेच. इंग्रजीत वाचणाऱ्या मुली मिरच्यांची चित्रं काढून सांगतात, किती तिखट ते. मी आपल्या पद्धतीनं दोनच शिक्के केलेत. ब्याडगी, म्हणजे रंग लालभडक, पण जिभेला त्रास नाही. प्रेम भरपूर, खोलीचं दार वेळेवर लागतं. आणि संकेश्वरी. तिच्याबद्दल हुक्केरी-संकेश्वरकडच्या माणसांना सांगायला नको. 'फोर्थ विंग' उत्तरार्धात संकेश्वरी आहे, हे तुला ठाऊकच आहे. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मालिका (पहिला भाग २०१५ चा) पहिल्या पुस्तकात सौम्य वाटते आणि दुसऱ्यापासून चढत जाते. पुष्कळजणी पहिल्यावरच थांबतात, कारण त्यातली राक्षस-सुंदरीची गोष्ट ओळखीची वाटते. खरी गोष्ट दुसऱ्या भागात सुरू होते, यापेक्षा जास्त सांगितलं तर तू मला माफ करणार नाहीस. 'डिव्हाइन रायव्हल्स' ब्याडगी.

हे शिक्के का आले ते ऐक. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलीच्या खात्यावर पुस्तक घेऊन गेल्या. मुखपृष्ठावर फुलं, सोनेरी अक्षरं, एक तलवार. त्यांना वाटलं परीकथा. घरी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, जमेल तसं मराठीत सांगत. बाराव्या प्रकरणात अडल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, काउंटरवर ठेवलं, आणि म्हणाल्या, "सासूबाई विचारतात, पुढं काय झालं?" त्यांना मी उरलेली गोष्ट पाच वाक्यांत सांगितली आणि त्याच संध्याकाळी रबरी शिक्के करायला टाकले. मुखपृष्ठावरून तिखट कळत नाही. फुलं आणि हातानं काढल्यासारखी चित्रं तर आजकाल सगळ्याच पुस्तकांवर असतात.

तुझ्या आईसाठी, इंग्रजी वाचत नसतील तर, तू वाच आणि स्वयंपाक करताना सांग. त्याला माझ्याकडं एक पुस्तक अगदी बरोबर आहे. रोशनी चोक्शी यांची 'द स्टार-टच्ड क्वीन', २०१६ ची. राजकन्या माया, तिच्या पत्रिकेत लिहिलंय की हिचं लग्न म्हणजे मृत्यू आणि विनाश. राजवाड्यातली सगळी बायामंडळी तिला टाळतात. आपल्याकडं पत्रिका हा विषय निघाला की कुठली आई उठून जाईल? मंगळाचं काय, नाडीचं काय, असं आपोआप सुरू होतं. भाषा थोडी अलंकारिक आहे, वाक्यावाक्याला उपमा, ते तू सांगताना गाळून टाक. मी एकदा आमच्या कामवाल्या बाईंना अशीच सांगितली. अर्ध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "पत्रिका दाखवली कुणाला ते बघा आधी. भटजीच चुकला असंल."

तुझ्यासाठी दुसरं, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते नाओमी नोविक यांचं 'स्पिनिंग सिल्व्हर', २०१८ चं. फार ताजं नाही, पण एकाच पुस्तकात पुरं होतं आणि ह्या सगळ्या गर्दीत लेखणी सगळ्यात पक्की हिची. मिरियमचा बाप सावकार आहे, पण मऊ माणूस. उधारी वसूल करायला जमत नाही, घरी चूल थंड. शेवटी पोरगी स्वतःच शाल पांघरून बर्फातून दारोदार जाते आणि पैसे मागायला लागते. पैसे नसतील तर अंडी, कापड, नाहीतर कामाला पोरगी. हिशेब चोख. हळूहळू तिच्या बोलण्यात सुद्धा गारठा येतो. मग एके दिवशी ती चांदीचं सोनं करते अशी बढाई मारते, आणि ते हिवाळ्याच्या राजाच्या कानावर जातं.

मी व्यापारी घरातली. वडिलांचं खडेबाजारात कापडाचं दुकान होतं. सणाच्या आधी उधारीची वही घेऊन गल्लीगल्लीतून फिरणं, लोकांनी "साहेब नाहीत घरात" असं साहेबांच्याच आवाजात आतून सांगणं, हे मी बघितलंय. त्यामुळे मिरियम एका दारात उभी राहते आणि घरातली बाई नजर चुकवते, तिथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. यात प्रेम आहे का? आहे, पण उशिरा, आणि तेही सौद्यासारखं तोलून-मापून येतं. माझी ती कसोटी लाव: प्रेम काढलं तरी पुस्तक ताठ उभं राहतं. एक इशारा. गोष्ट वेगवेगळी माणसं आळीपाळीनं 'मी' म्हणून सांगतात आणि वर नाव दिलेलं नाही. पहिली पन्नास पानं कोण बोलतंय तेच कळत नाही. म्हणून हे तिसरं किंवा चौथं वाच, पहिलं नको.

'डिव्हाइन रायव्हल्स' आणि ह्या पुस्तकाच्या मधे हेदर फॉसेट यांचं 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' बसतं. तेही २०२३ चं. १९०९ साल, केंब्रिजच्या एक प्राध्यापक बाई पऱ्यांचा अभ्यास करायला थंड मुलखातल्या एका खेड्यात जातात. माणसांशी बोलायचं कसं हे त्यांना ठाऊक नाही, पऱ्यांशी बरोबर जमतं. मागून सहकारी प्राध्यापक येतो, देखणा, आळशी, आणि स्वतःविषयी काहीतरी लपवणारा. पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे आणि खाली विद्वान लोकांच्यासारख्या तळटिपा. तळटिपा गाळल्यास तरी काही बिघडत नाही, पण गाळू नकोस, गंमत तिथंच आहे. पक्कं ब्याडगी. तीन भाग, तिसरा २०२५ मध्ये आला.

ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांच्या 'लेजेंड्स अँड लाट्टेज' (२०२२) विषयी फार लिहीत नाही. तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान काढणारी एक दांडगी राक्षसी बाई, बस. कुणी मरत नाही म्हटलं तरी चालेल. दोन बायकांमधलं प्रेम आहे, इतकं हळुवार की काहींच्या लक्षातसुद्धा येत नाही. परीक्षा संपल्यावर किंवा तापातून उठल्यावर वाचायचं पुस्तक. दालचिनीचे रोल्स वाचून भूक लागते, शेजारी कुंदा ठेव.

आपल्याकडच्या मातीचं इंग्रजी हवं असेल तर ताशा सुरी. 'एम्पायर ऑफ सँड' (२०१८) मोगली वळणाच्या राज्यात घडते, जुलमानं लावलेल्या लग्नातून हळूहळू उगवणारं प्रेम. पुढची 'द जास्मिन थ्रोन' (२०२१) जास्त मोठी आणि जास्त राजकारणी. तिची त्रयी २०२४ मध्ये पुरी झाली. पहिली आधी वाच.

आणि जादू नको, नुसतं प्रेम हवं अशी एखादी रात्र आली तर एमिली हेन्री यांची 'फनी स्टोरी' (२०२४). नायिका लहान मुलांच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे मान्य. होणारा नवरा लग्नाआधी बालमैत्रिणीकडं निघून गेला, आणि ही राहायला जाते त्या मैत्रिणीच्याच सोडून दिलेल्या मित्राच्या घरी. संकेश्वरी. कोलीन हूवर यांचं 'इट एंड्स विथ अस' मात्र कुणी गोड प्रेमकथा म्हणून हातात दिलं तर सावध राहा. ते नवऱ्याच्या मारहाणीवरचं पुस्तक आहे. चांगलं-वाईट तू ठरव, पण कशात पाय टाकतेस ते माहीत असू दे. मी ते न सांगता देत नाही.

इंग्रजी दमवतं म्हणालीस. शब्दकोश बाजूला ठेव. असल्या पुस्तकांत पहिल्या तीस-चाळीस पानांत लेखक गावांची, घराण्यांची, देवांची नावं ओततो, तीच माणसाला पाडतात. त्यातली निम्मी इंग्रजी शब्दच नसतात, लेखकानं घडवलेली असतात. शब्दकोशात सापडणार कुठून? एका चिठ्ठीवर नावं आणि समोर एकेक शब्द लिही, 'भाऊ', 'वैरी', 'ड्रॅगन', आणि चिठ्ठी पुस्तकातच ठेव. माझ्याकडं परत येणाऱ्या पुस्तकांत खानापूर बसची तिकिटं सापडतात, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडतात, एकदा केसांचा काटा सापडला. ते कुठल्या पानात अडकलेत यावरून मला कळतं पुस्तक कुठं सोडलं. बहुतेक वेळा चाळीस ते सत्तरच्या मधे. तेवढी पानं ओलांडलीस की पुढं जाशील.

आणि रस्त्यावरची स्वस्त प्रत घेऊ नकोस. एकीनं 'फोर्थ विंग'ची तसली प्रत आणली, मला दाखवायला. कागद पिवळट, शाई बोटाला लागते, आणि पान २२४ नंतर एकदम २४१. सोळा पानांचा फर्माच नाही. तिनं तसंच वाचून पुरं केलं होतं. म्हणाली, "मला वाटलं लेखिकेनं मुद्दाम तोडलंय."

मराठीत काय, हा तुझ्या आईचा खरा प्रश्न. खरं सांगते, छापील मराठीत आज ह्या वळणाचं नवं फार थोडं आहे. मुली 'प्रतिलिपी' ह्या ॲपवर मालिका वाचतात, त्यात सापडतं, पण निम्म्या मालिका मधेच थांबतात. भाषांतरांत 'हॅरी पॉटर' आहे, टोल्किनची त्रयी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आणलीय. त्यात प्रेम शोधू नका, चिमूटभर आहे.

गंमत अशी की मराठी कादंबरी सुरुवातीला वाढली ती प्रेम आणि जादू ह्या दोन घटकांवरच. पहिली तेवढी वेगळी होती. 'यमुनापर्यटन' १८५७ चं, विधवांच्या हालांवरचं. लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मलेले. त्यांच्या मागं कुणी गेलं नाही. वाचकांनी धरलं ते 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांना, म्हणजे राजकन्या, विरह, चमत्कार, योगायोग. त्याला तेव्हा 'अद्भुतरम्य' म्हणत. विद्वानांनी पुढं शंभर वर्षं नाकं मुरडली. तुझ्या मैत्रिणीनं दिलेलं पुस्तक त्याच घराण्यातलं आहे, फक्त ड्रॅगन परदेशी.

आईसाठी मी तीन पुस्तकं काढून ठेवते. खांडेकरांची 'ययाति', १९५९ ची. वाचलेली असेल तर तरुणपणी वाचलेली असेल. आता देवयानीच्या बाजूनं वाचायला सांग, वेगळीच निघते. शाप, उसनं घेतलेलं तारुण्य आणि हाव, म्हणजे प्रेम आणि अद्भुत एका धाग्यात. मग बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९), बोटीवरचं काही दिवसांचं प्रेम. जादू अजिबात नाही, दीड बैठकीत संपतं आणि पुढं बरेच दिवस संपत नाही. तिसरं भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींच्या मराठीत. त्या मूळच्या बेळगावच्याच. इथं माझी कसोटी उलटी लागलेली बघ: महाभारतातून सगळं अद्भुत काढून घेतलंय आणि मग कुंती, द्रौपदी यांचं काय उरतं ते दाखवलंय. जाड आहे. पावसाळ्यात सुरू करावं.

तुला स्वतःला थोडं कठीण चालत असेल तर एकसंब्यात जन्मलेले, बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा'तली 'इस्किलार' वाच. देश नाही, काळ नाही, वाळवंट, भविष्य सांगणारी माणसं. इंग्रजीत ज्याला 'डार्क फँटसी' म्हणून वेगळं कपाट देतात ते ह्या माणसानं धारवाडात मास्तरकी करताना लिहिलं. प्रेमाचा ओलावा मात्र मागू नकोस, तो तिथं मिळत नाही. आणि शाळेमुळे कन्नड वाचता येत असेलच, तर घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार आहेत, हुक्केरी तालुक्यातले, ज्ञानपीठवाले. 'सिरिसंपिगे' नाटक आहे, पण राजपुत्र, त्याची राणी आणि साप यांची अशी गोष्ट मी परदेशी पुस्तकांत अजून वाचलेली नाही. ती संकेश्वरी की ब्याडगी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही; रजिस्टरात तो रकाना रिकामा आहे.

तर आधी 'डिव्हाइन रायव्हल्स'. आमच्याकडची प्रत सध्या वडगावच्या एकीकडं आहे, तिची मुदत शनिवारी संपते आणि ती वेळेवर आणते. दुसरा भाग कपाटातच आहे, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवते. सोमवारी आलीस तर दोन्ही मिळतील. येताना पहिल्या गेटकडून ये, दुसऱ्या गेटपाशी रस्ता खणलाय.